हुकूमनामा इकडचा, ऐवज तिकडचा: सीमेपलीकडे दरखास्त कशी लावायची

वरुडचा संत्र्याचा बगिचा पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याने घेतला, पांढरकवड्याचा कापूस आदिलाबादच्या जिनिंगवाल्याने उचलला, देवरीचे धान राजनांदगावला गेले. चुकारा अडकला, दावा लावला आणि काही वर्षांनी हुकूमनामाही (दिवाणी न्यायालयाची डिक्री) हाती आला. मग इथल्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लागते, वॉरंट निघते आणि ‘सदर इसम या न्यायालयाच्या हद्दीत राहत नाही’ असा बेलिफचा शेरा घेऊन परत येते. पुष्कळांची वसुली इथेच थांबते. दुसरे राज्य म्हणजे नवा दावा लावावा लागेल, असा एक गैरसमज त्यामागे असतो.

नवा दावा लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६१(३) प्रमाणे भारतातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशात कुठेही अंमलात आणता येतो. निकाल मान्य करायचा की नाही, ही तपासणी परदेशी निकालांसाठी आहे. पांढुर्णा किंवा आदिलाबाद परदेश नव्हे. मात्र वरुडच्या न्यायालयाचा बेलिफ वर्धा नदी ओलांडून जप्ती करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये २००२ साली पोटकलम ४ आले, आणि हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर ते कलम अधिकार देत नाही हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. म्हणून हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे पाठवावा लागतो. ही पाठवणी आणि त्यानंतरची वसुली ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की वर्षे वाया जातात.

आधी ऐवज शोधा, मग कागद हलवा

न्यायालय मालमत्ता शोधून देत नाही, दाखवलेली मालमत्ता जप्त करते. ऋणकोचे, म्हणजे ज्याच्याकडून पैसे यायचे त्याचे, तिकडे काय आहे हे माहीत नसताना हुकूमनामा पाठवला, तर तो तिकडच्या कपाटात पडून राहतो.

व्यापारी असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. फर्मचे कायदेशीर नाव, धंद्याचा मुख्य पत्ता, आणि धंदा एकट्याच्या मालकीचा आहे की भागीदारीचा, हे तिथे दिसते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. हुकूमनामा फर्मच्या नावाने असेल तर तो फर्मच्या मालमत्तेवर आणि दाव्यात हजर झालेल्या किंवा भागीदार म्हणून समन्स मिळालेल्या भागीदारांवरच सरळ चालतो. इतर भागीदारांवर जायचे तर त्याच संहितेच्या आदेश २१ नियम ५० खाली (पुढे नुसता ‘नियम’ म्हटला तर तो याच आदेशाचा) परवानगी लागते, आणि ती परवानगी तिकडचे न्यायालय देऊ शकत नाही. हुकूमनामा पाठवण्याआधी इकडेच ती घ्या.

न वटलेला चेक फेकू नका. त्यावर शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी सगळे छापलेले असते, आणि खाते जप्त करायला सांगताना नेमके तेच लिहायचे असते. फक्त ते खाते कॅश क्रेडिटचे आहे का ते बघा. तसल्या खात्यात व्यापाऱ्याचे पैसे नसतात, बँकेने उचल म्हणून दिलेली मर्यादा असते; तिथे जप्तीला हाती काही लागत नाही. चालू किंवा बचत खाते शोधा.

जमिनीसाठी मध्य प्रदेशात भूलेख संकेतस्थळावर खसरा आणि बी-१ निघतो. आपला सातबारा आणि आठ-अ जसे, तसेच. छत्तीसगडमध्ये ‘भुईयां’, तेलंगणात धरणीच्या जागी २०२५ पासून ‘भू भारती’. सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि ऋणकोचा हिस्सा लिहिल्याशिवाय जमिनीची जप्ती मागता येत नाही (आदेश २१ नियम १३). ‘त्याचे पांढुर्ण्याजवळ वावर आहे’ एवढ्याने भागत नाही.

जमिनीवर फार भिस्त ठेवू नका, हे आमचे स्पष्ट मत. मध्य प्रदेशच्या जमीन महसूल संहितेतले कलम १६५(७) सांगते की ५ एकर ओलीत किंवा १० एकर कोरडवाहूपर्यंतची जमीन हुकूमनाम्यात जप्त होत नाही. त्यावरचे जेवढे क्षेत्र असेल तेवढेच हाती लागते. अनुसूचित जमातीच्या भूमिस्वामीची (जमीनमालकाची) जमीन तर मुळीच नाही. छत्तीसगडची संहिताही १९५९ च्या त्याच कायद्यातून आलेली, तेव्हा तिकडच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. आदिलाबादकडच्या अनुसूचित क्षेत्रात बिगर आदिवासीच्या नावे जमीन हस्तांतर होत नसल्याने लिलाव पुढे सरकत नाही. यापेक्षा बँक खाते, गोदामातला माल, ट्रक, आणि त्याचे तिसऱ्याकडून येणे असलेले पैसे कितीतरी लवकर वसूल होतात.

हुकूमनामा पाठवण्याचा अर्ज

ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला, त्याच न्यायालयात कलम ३९ खाली अर्ज करायचा. सोबत शपथपत्र. कारण एकच पुरे: ऋणको तिकडे राहतो किंवा धंदा करतो, किंवा इकडच्या हद्दीत पुरेशी मालमत्ता नाही. हे मोघम लिहू नका. ‘प्रतिवादीचा धंद्याचा पत्ता अमुक, जीएसटी नोंदीत हाच पत्ता, बँक खाते अमुक शाखेत, या न्यायालयाच्या हद्दीत त्याच्या नावे कोणतीही स्थावर मालमत्ता नाही’ असे मुद्देसूद लिहिले की न्यायाधीशांना आदेश करायला वेळ लागत नाही.

आदेश झाल्यावर न्यायालय तीन कागद पाठवते, ते आदेश २१ नियम ६ मध्ये दिलेले आहेत. एक, हुकूमनाम्याची नक्कल. दोन, वसुली न झाल्याचा दाखला, आणि काही वसुली झाली असेल तर किती झाली व किती बाकी. तीन, यापूर्वी अंमलबजावणीचा काही आदेश झाला असेल त्याची नक्कल, नसेल तर तसा दाखला. यातला तिसरा कागद हमखास राहतो. इकडे आधी दरखास्त लावली होती आणि ती फेटाळली किंवा निकाली निघाली, हे कारकुनाच्या लक्षात येत नाही. तिकडच्या न्यायालयाने मागवले की पुन्हा टपाल, पुन्हा तारीख. म्हणून पाकीट बंद होण्याआधी तीनही कागद स्वतः बघा आणि जावक क्रमांक व तारीख लिहून घ्या.

पाकिटावर कोणाचा पत्ता घालायचा? १९७६ च्या दुरुस्तीनंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाकडे हुकूमनामा थेट जातो. मध्ये उच्च न्यायालय लागत नाही. पण ज्याच्याकडे पाठवायचा, ते न्यायालय तेवढ्या रकमेचा दावा चालवू शकणारे हवे. कनिष्ठ आणि वरिष्ठ स्तराची रकमेची मर्यादा राज्याराज्यात वेगळी आहे. इकडे कनिष्ठ स्तराने दिलेला हुकूमनामा तिकडे कनिष्ठ स्तराकडे चालेलच असे नाही. सुरक्षित मार्ग म्हणजे तिकडच्या जिल्हा न्यायालयाकडे पाठवणे. ते स्वतः बजावते किंवा नियम ८ प्रमाणे खालच्या योग्य न्यायालयाकडे वर्ग करते. इथे एक बारीक गोष्ट. महसुली जिल्हा नवा झाला म्हणून जिल्हा न्यायालयही तिथे आले असेल असे धरून चालू नका. पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. पत्ता घालण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या जिल्ह्याचे न्यायालय कुठे दाखवले आहे ते बघा.

मराठीतला निकाल असेल तर प्रमाणित भाषांतर सोबत जोडा: मध्य प्रदेश, छत्तीसगडसाठी हिंदी, तेलंगणासाठी इंग्रजी. ‘देवनागरी तर आहे, वाचतील की’ या भरवशावर राहू नका. रकमेचे आकडे मूळ कागद आणि भाषांतरात तंतोतंत जुळले पाहिजेत. एक शून्य इकडेतिकडे झाले की हरकत येते.

तिकडे दरखास्त लावावीच लागते

हुकूमनामा पोचला म्हणजे वसुली सुरू झाली असे बहुतेकांना वाटते. तिकडचे न्यायालय तो कागद नोंदवते आणि वाट बघते. नियम १० प्रमाणे तुम्ही तिथे स्वतंत्र दरखास्त दाखल केली तरच पुढचे चक्र फिरते. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये तिला निष्पादन आवेदन म्हणतात, तेलंगणात नुसते ‘ईपी’.

मुदतीच्या दृष्टीनेही हे पक्के लक्षात ठेवा. पैशाच्या हुकूमनाम्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ खाली १२ वर्षे आहेत. पाठवणीचा अर्ज म्हणजे दरखास्त नव्हे. अकराव्या वर्षी इकडे अर्ज केला, पाकीट आठ महिने फिरले आणि तिकडे दरखास्त बाराव्या वर्षानंतर लागली, तर सगळेच गेले. अपील झाले असेल तर मोजणी अपिलाच्या हुकूमनाम्यापासून होते. दुसरा आकडा दोन वर्षांचा. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेल्यावर दरखास्त लावली तर नियम २२ प्रमाणे आधी ऋणकोला नोटीस काढावी लागते. नोटीस मिळाली की तो खाते रिकामे करतो, ट्रक मेहुण्याच्या नावे करतो. दोन वर्षांच्या आत लावली तर जंगम मालमत्ता आणि खाते सूचना न देता जप्त करता येते. १२ वर्षे हातात आहेत म्हणून निवांत बसणाऱ्याचे नुकसान होते ते इथे.

दरखास्तीच्या तक्त्यात दाव्याचा क्रमांक, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील, मिळालेली रक्कम, आधीच्या दरखास्ती, येणे बाकी, खर्च, कोणाविरुद्ध आणि न्यायालयाने नेमके काय करावे, असे रकाने असतात. सगळ्यात जास्त चुका येणे बाकीत होतात. समजा मुद्दल ३,६०,०००, दावा दाखल झाल्यापासून म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून दरसाल ६ टक्के सरळ व्याज, दाव्याचा खर्च १२,४५०. ऋणकोने ३१ मार्च २०२४ ला ५०,००० दिले. तोवरचे दोन वर्षांचे व्याज ४३,२००. हुकूमनाम्यात वेगळे काही नसेल तर आलेले पैसे आधी व्याजात, मग खर्चात, शेवटी मुद्दलात. म्हणजे ४३,२०० व्याज फिटले, ६,८०० खर्चात गेले, खर्चाचे ५,६५० उरले आणि मुद्दल जसेच्या तसे ३,६०,०००. पुढच्या वर्षाचे व्याज २१,६००. ३१ मार्च २०२५ रोजी बाकी ३,८७,२५०. बरेच जण ५०,००० सरळ मुद्दलातून वजा करतात आणि पुढचे व्याज ३,१०,००० वर लावतात. एका वर्षात ३,००० रुपये स्वतःच सोडतात.

दिलेले पैसे लपवू मात्र नका. ऋणकोने घरी आणून दिले असतील तर पुरशीस (लेखी निवेदन) देऊन न्यायालयात नोंद करा. तुम्ही कळवले नाही आणि त्याच्याकडे बँकेची नोंद निघाली, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर शंका येते.

शेवटच्या रकान्यात काय मागायचे त्याचा क्रम ठरवा. आधी बँक खाते, मग माल आणि वाहन, मग स्थावर. ऐवज सापडतच नसेल तर नियम ४१ खाली ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागवा. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, आणि या भीतीने पुष्कळ व्यापारी तडजोडीला येतात. अटकेचा अर्ज पहिल्याच दिवशी करू नका. पैसे असून देत नाही, हे दाखवल्याशिवाय न्यायालय अटक करत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस निघते, कैदेतला भत्ता तुम्हालाच भरावा लागतो, आणि सुटून आल्यावर तो पुन्हा त्याच बाकीसाठी आत जात नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही.

इकडचा कोर्ट फी स्टॅम्प तिकडे चालत नाही. वकीलपत्र, स्टॅम्प, समन्सचा भत्ता सगळे त्या राज्याच्या नियमांप्रमाणे. वकील तिथलाच करा. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

ऐवज निसटू लागला असेल तर प्रिसेप्ट

पाठवणीला महिने लागतात आणि तिकडे गोदाम रिकामे होत असते. त्यासाठी कलम ४६ आहे. हुकूमनामा देणारे न्यायालय तिकडच्या न्यायालयाला प्रिसेप्ट काढून ‘अमुक मालमत्ता जप्त करा’ असे कळवू शकते. ही जप्ती दोन महिनेच टिकते. त्या आत मुदतवाढ घ्या, किंवा हुकूमनामा तिकडे वर्ग होऊन विक्रीचा अर्ज लागू द्या. म्हणून प्रिसेप्टचा आणि कलम ३९ चा अर्ज एकाच दिवशी द्या. नुसते प्रिसेप्ट काढून गावी परतलेल्या माणसाची जप्ती एकसष्टाव्या दिवशी आपोआप सुटते.

दावा चालू असतानाच माल हलत असेल तर निकालाची वाट बघू नका. निकालापूर्वीच्या जप्तीचा आदेश कलम १३६ प्रमाणे दुसऱ्या जिल्ह्याच्या न्यायालयामार्फत बजावता येतो.

जिथे हद्द ओलांडावी लागत नाही

ऋणको सरकारी, रेल्वेचा किंवा स्थानिक संस्थेचा नोकर असेल तर नियम ४८ प्रमाणे इकडचेच न्यायालय त्याचा पगार जप्त करू शकते, पगार देणारा अधिकारी हद्दीबाहेर असला तरी. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. बाकीचे तुमचे, तेही एकूण २४ महिनेच. दुसरा अपवाद नियम ३ चा: सीमेवरचे एकच सलग वावर दोन न्यायालयांच्या हद्दीत पसरले असेल तर त्यातले कोणतेही एक न्यायालय सगळे विकू शकते. कलम ३९(४) आल्यानंतरही हे दोन अपवाद उरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले.

तिकडे काय अडवतात

पहिली हरकत ठरलेली असते: ‘मला समन्स मिळालेच नाही, एकतर्फी निकाल झाला.’ हे तिकडचे न्यायालय ऐकू शकत नाही. हुकूमनाम्याच्या मागे जाण्याचा अधिकार त्याला नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला ऋणकोला इकडेच यावे लागते. मात्र नियम २६ प्रमाणे तेवढ्यासाठी वाजवी मुदत देऊन तिकडचे न्यायालय कारवाई थांबवू शकते, आणि तेव्हा जामीन किंवा रक्कम भरायला लावा असा आग्रह धरा. समन्स बजावल्याच्या कागदाची, पोस्टाच्या पोचपावतीची नक्कल आधीच काढून ठेवा. नुसते अपील दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही, स्थगिती लागते.

दुसरी हरकत: ‘मी शेतकरी आहे.’ शेतकऱ्याचे राहते घर, बैल, अवजारे, बियाणे कलम ६० मुळे जप्त होत नाहीत. दहा एकर वावर असलेला अडत्याही हेच म्हणतो. त्याचा जीएसटी, बाजार समितीचा परवाना, तुमच्याकडच्या काटापट्ट्या आणि बिले समोर ठेवा. मुख्य उपजीविका व्यापार आहे, हे दिसले की हरकत टिकत नाही.

ऋणको वारला तर वारसांवर जाता येते, पण त्यांना वारशात जेवढे मिळाले तेवढ्यापुरतेच.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. तारखांवर तारखा पडू लागल्या तर एक साधा अर्ज देऊन हे रोजनाम्यावर आणा.

हुकूमनामा नसेल तर

लोकअदालतीतला निवाडा म्हणजे हुकूमनामाच, वरचीच वाट. लवादाचा निवाडा असेल तर काम सोपे: २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो मालमत्ता जिथे आहे तिथल्या न्यायालयात सरळ लावता येतो, पाठवणीची गरज नाही. पोटगीचा आदेश नवरा जिथे असेल तिथला न्यायदंडाधिकारी बजावतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४७). पण थकलेल्या महिन्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा, नाहीतर त्या महिन्याचे वॉरंट निघत नाही. मोटार अपघाताच्या भरपाईत न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते, आणि १८९० च्या महसूल वसुली कायद्याने इकडचे जिल्हाधिकारी तो तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. ग्राहक आयोगाच्या आदेशाला वसुलीखेरीज ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ ची शिक्षाही आहे, एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० दंड किंवा दोन्ही. म्हणून बियाणे किंवा औषध कंपनीविरुद्धच्या आदेशात दोन्ही अर्ज एकदम लावावेत.

वसुली झाली, अर्धी झाली किंवा झालीच नाही, तरी तिकडच्या न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ प्रमाणे इकडे तसे कळवायचे असते. ते पत्र आले का, हे इकडच्या नाझराकडे जाऊन बघा. आदिलाबादेत काही निघाले नाही आणि उद्या त्याच माणसाचे प्लॉट नागपुरात सापडले, तर पुढची दरखास्त याच पत्रावर लागते.